कै. जयंत पांडुरंग नाईक यांचें शिक्षणकार्य व ‘शाळासमूह’ या शब्दाचा मूळ अर्थ

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत एका शिक्षणशास्त्रज्ञाच्या कार्याची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. ताम्रपट, शिलालेख, बखरी व दप्तरें यांचा मान येथें पहिला, हें प्रस्तुत लेखकासही मान्य आहे. परंतु कै. जयंत पांडुरंग नाईक हे शिक्षणसुधारणेचे जेवढे पुरस्कर्ते होते तेवढेच शिक्षणाच्या इतिहासाचे साक्षेपी अभ्यासक होते. जुन्या अहवालांतील आंकड्यांचा अर्थ कसा लावावा या प्रश्नाशीं त्यांचा निकट संबंध आला होता, आणि पुढें सबंध देशाच्या शाळांची मांडणी सुचविण्याचा प्रसंग आला तेव्हां तीच दृष्टि त्यांच्या उपयोगीं पडली, असें माझें मत आहे.

दुसरें कारण अगदीं घरचें आहे. इ. स. २०२३ च्या सप्टेंबरांत, वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षणखात्यानें मागविले. अशा शाळांची संख्या राज्यांत चौदा हजारांहून अधिक होती. त्यानंतर आमच्या अर्धापूरच्या पंचक्रोशींतील एका वाडीवर ग्रामस्थांची बैठक भरली, तींत मीही बसलों होतों. एका सुशिक्षित गृहस्थांनीं सांगितलें, “ही कल्पना कांहीं आजची नव्हे. कोठारी आयोगानेंच शाळासमूह सांगितला होता, आणि तो अहवाल लिहिणारे नाईक आपलेच, महाराष्ट्राचे.” वाडीवरचीं माणसें हें ऐकून गप्प बसलीं. थोर माणसाचें नांव निघालें म्हणजे गरिबाची तक्रार अर्धी होते, याचा अनुभव मला त्या दिवशीं आला. मी उठून “तो समूह निराळा, गुरुजी” इतकेंच बोललों. हाताशीं पुरावा नव्हता. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई प्रस्तुत लेखांत करावयाची आहे.

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजीं कोल्हापूर संस्थानांतील आजरें तालुक्याच्या बहिरेवाडी या खेड्यांत झाला. त्यांचें पूर्वीचें नांव विठ्ठल हरि घोटगे. पुढें ते ज. पां. नाईक या नांवानें, व इंग्रजी रीतीनें ‘जे. पी.’ या आद्याक्षरांनीं प्रसिद्धीस आले. याच आद्याक्षरांनीं ओळखले जाणारे दुसरे थोर पुरुष म्हणजे जयप्रकाश नारायण. दोघांचीं नांवें इ. स. १९७८ मधील एका शिक्षणविषयक मसुद्याच्या निमित्तानें जवळजवळ आलीं आहेत, त्यामुळें जुनीं वर्तमानपत्रें चाळणारानें सावध राहावें.

इ. स. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळींत नाईकांस तुरुंगवास घडला. सुटून आल्यावर त्यांनीं शहराची वाट धरली नाहीं. धारवाड जिल्ह्यांतील उप्पिन बेटगेरी या खेड्यांत राहून त्यांनीं ग्रामसुधारणेचें कार्य आरंभिलें; आरोग्य, रस्ते, शेती व प्राथमिक शिक्षण हीं सर्व अंगें त्यांत होतीं. मातृभाषा मराठी, कार्यक्षेत्र कानडी मुलुखांत, असा हा योग आहे. चरित्रकार बहुधा या काळावरून लवकर पुढें सरकतात आणि दिल्लीच्या दरवाजाशीं जाऊन थांबतात. माझ्या मतें नाईकांच्या सर्व विचारांची गुरुकिल्ली या खेड्यांत आहे. शाळा ही गांवाच्या इतर गोष्टींपासून तोडून काढतां येत नाहीं. पाणी दूषित असेल, हंवताप असेल, वाट चिखलाची असेल, तर पट भरत नाहीं, हें ज्ञान कार्यालयांत बसून होत नसतें. पुढें आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं आरोग्याच्या प्रश्नावरील एका राष्ट्रीय अभ्यासगटाच्या कामांत मन घातलें, त्याचेंही बीज मला येथेंच दिसतें.

त्यानंतर कोल्हापूर संस्थानांत त्यांनीं विकासविषयक कामें पाहिलीं, आणि कोल्हापूरच्या दक्षिणेस गारगोटी येथें मौनी विद्यापीठाच्या उभारणींत प्रमुख भाग घेतला. ग्रामीण मुलांस शाळेपासून उच्च शिक्षणापर्यंतची वाट एका ठिकाणीं, तीही खेड्यांत, मिळावी हा त्या संस्थेचा हेतु. इ. स. १९४८ मध्यें मुंबईस भारतीय शिक्षण संस्था निघाली. शिक्षणशास्त्रांत पदव्युत्तर अध्ययन व संशोधन करणारी ही संस्था नाईकांच्या कर्तृत्वाचें मुख्य स्थान होय. तेथें त्यांस ज्येष्ठ सहकारी लाभले ते रा. वि. परुळेकर. या परुळेकरांविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्यांची हवी तेवढी दखल घेतलेली नाहीं.

इंग्रजी अमलापूर्वीं हिंदुस्थानांत शाळा किती होत्या, हा वाद जुना आहे. महात्मा गांधींनीं २० ऑक्टोबर १९३१ रोजीं लंडन येथें भाषण करतांना, पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षां आज हिंदुस्थान अधिक निरक्षर आहे अशा आशयाचें विधान केलें. सर फिलिप हार्टॉग यांनीं त्यास तत्काल पुरावा मागितला, उभयतांचा पत्रव्यवहार झाला, आणि पुढें हार्टॉगनीं व्याख्यानें देऊन तीं इ. स. १९३९ मध्यें छापलीं. त्यांचा मुख्य रोख विल्यम ॲडम याच्या अहवालांवर होता. ॲडम हा मूळचा मिशनरी, त्यानें इ. स. १८३५ ते १८३८ या काळांत बंगाल व बिहार या प्रांतांतील देशी शिक्षणावर तीन अहवाल सादर केले, आणि त्यांत त्या मुलुखांत सुमारें एक लक्ष शाळा असाव्यात असा अंदाज दिला. हार्टॉग यांस हा अंदाज म्हणजे कल्पित कथा वाटली. परुळेकरांनीं त्यांचें खंडन केलें, तें भावनेच्या जोरावर नव्हे. त्यांचा मुद्दा एका शब्दाच्या अर्थावर उभा होता. ॲडम ‘शाळा’ म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत इमारत, गुरुजी, हजेरीपत्रक व वर्ग असलेली संस्था नसून, जेथें मुलांस अक्षरओळख व हिशेब शिकविला जातो असें कोणतेंही स्थान असतें, मग तें घर कां असेना.

ॲडमचाच एक दाखला येथें देतों. राजशाही जिल्ह्यांतील नाटोर या ठाण्याची त्यानें बारकाईनें पाहणी केली. गांवें ४८५, लोकसंख्या १,९५,२९६. प्राथमिक शाळा म्हणून मोजण्याजोग्या अवघ्या २७ निघाल्या व त्यांत मुलें २६२. परंतु घरच्या घरीं शिक्षण देणारीं कुटुंबें निघालीं १,५८८, आणि त्यांत शिकणारीं मुलें २,३८२. म्हणजे शाळेंत जितकीं मुलें, त्यांच्या नऊपट मुलें घरीं शिकत होतीं! आतां ‘शाळा’ शब्दाचा संकुचित अर्थ घेणारास या ठाण्यांत अंधार दिसेल, व व्यापक अर्थ घेणारास बराच उजेड दिसेल. आंकडे दोघांपुढें तेच आहेत.

मुंबई इलाख्यांतही असेंच झालें. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत जिल्हाधिकाऱ्यांकडून शाळांची माहिती मागविण्यांत आली, आणि इ. स. १८२९ पर्यंत गोळा झालेल्या माहितीची बेरीज अशी : शाळा १,७०५, विद्यार्थी ३५,१५३, पैकीं सरकारी शाळा २५ व त्यांतील विद्यार्थी १,३१५, उरलेल्या १,६८० गांवच्या पंतोजींच्या. इलाख्याची लोकसंख्या ४६,८१,७३५ धरली होती, म्हणजे दर १३३ माणसांस एक विद्यार्थी पडतो. या माहितीचे मूळ कागद परुळेकरांनीं संपादून प्रसिद्ध केले आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या उत्तरांत काय राहून गेलें आहे तें दाखविलें. घरच्या शिक्षणाची मोजणी बहुतेक ठिकाणीं झालीच नव्हती.

नाईकांनीं सय्यद नुरुल्ला यांच्या सहकार्यानें ब्रिटिश अमदानींतील हिंदी शिक्षणाचा इतिहास इंग्रजींत लिहिला, तो इ. स. १९४३ मध्यें प्रसिद्ध झाला आणि इ. स. १९५१ मध्यें त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति निघाली. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या ग्रंथावर पोसल्या आहेत. त्यांतील सर्वांत मननीय भाग देशी शाळांविषयींचा होय. नुरुल्ला व नाईक हे परुळेकरांच्या बाजूनें कौल देतात, परंतु त्यांत देशाभिमानाचा अतिरेक नाहीं. देशी शाळांत मुली जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें नव्हतीं, अध्यापनाची पद्धति घोकंपट्टीची व शिक्षा कठोर, हें ते स्पष्ट सांगतात. त्यांची खंत वेगळीच आहे. या सहस्रावधि लहान, दरिद्री, विस्कळित शाळांना सुधारून, जोडून, त्यांच्यावरच नवी इमारत उभी करावी असा सल्ला ॲडमनें दिला होता. तो फेटाळण्यांत आला, शाळा मेल्या, आणि त्यांच्या जागीं नव्या उभ्या राहण्यास फार काळ गेला.

वाचकांनीं हें वाक्य ध्यानांत ठेवावें. आहे तें लहान असलें तरी मोडूं नये, त्यास बाहेरून बळ द्यावें, हा ॲडमच्या अहवालांतून नाईकांनीं घेतलेला धडा होता. पुढें ‘शाळासमूह’ म्हणून जी योजना पुढें आली तिचें गोत्र येथें सांपडतें.

संपादक या नात्यानेंही नाईकांनीं इतिहासाची सेवा केली आहे. राष्ट्रीय अभिलेखागारानें शिक्षणविषयक सरकारी कागदांचे जे निवडक खंड प्रसिद्ध केले, त्यांपैकीं इ. स. १८६० ते १८८७ या काळांतील विद्यापीठीय शिक्षणाच्या वाढीचा खंड त्यांनीं संपादिला; तो इ. स. १९६३ मध्यें निघाला. त्या वेळीं ते दिल्लीस केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयांत सल्लागार होते.

इ. स. १९६४ मध्यें शिक्षण आयोग नेमला गेला. अध्यक्ष प्रा. दौलतसिंग कोठारी, सदस्य-सचिव नाईक. एकूण सतरा सदस्यांत इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, रशिया व जपान या देशांचेही तज्ज्ञ होते. २ ऑक्टोबर १९६४ रोजीं कामास आरंभ झाला, आणि २९ जून १९६६ रोजीं अहवाल शिक्षणमंत्री महंमद करीम छागला यांस सादर झाला. अवघ्या एकवीस महिन्यांत बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सर्व शिक्षणाचा असा एकत्र विचार त्यापूर्वीं स्वतंत्र हिंदुस्थानांत झाला नव्हता. आधींचे आयोग कोणी विद्यापीठांपुरते, कोणी माध्यमिक शाळांपुरते. अहवालाच्या मांडणीवर नाईकांचा हात किती आहे, हें त्यांचीं आधींचीं पुस्तकें वाचलेल्यास पानोपानीं कळतें. एकशिक्षकी शाळांवर त्यांचें स्वतंत्र पुस्तक आहे, त्यांतील विचार तर अहवालांत सहज ओळखूं येतो. एकाच गुरुजीनें चार इयत्ता सांभाळणें ही आपत्ति न मानतां, विरळ वस्तीच्या देशांत ती अपरिहार्य व्यवस्था मानावी, आणि त्या गुरुजीस तशा अध्यापनाचें शिक्षण द्यावें, असें त्यांचें म्हणणें होतें. आमच्या अध्यापक विद्यालयांनीं हें ऐकलें असतें तर! मला स्वतःला जें शिक्षण मिळालें त्यांत एका तासाला एक वर्ग व चाळीस मुलें याशिवाय दुसरी कल्पना नव्हती.

आयोगाच्या शिफारशी पुष्कळ. शाळेचीं दहा वर्षें, त्यानंतर दोन, पदवीचीं तीन, हा आकृतिबंध. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग इ. स. १९८५-८६ पर्यंत शिक्षणावर, कार्यानुभव, शिक्षकांच्या वेतनांत वाढ, आणि सर्वांत मूलगामी म्हणजे समान शाळापद्धति, जींत जवळच्या वस्तींतील श्रीमंत व गरीब यांचीं मुलें एकाच परिसर शाळेंत जातील. यांपैकीं आकृतिबंध तेवढा सर्वत्र रूढ झाला. महाराष्ट्रांत इ. स. १९७५ मध्यें शालांत परीक्षेस दहावीची पहिली तुकडी बसली. औरंगाबाद विभागीय मंडळाच्या त्या तुकडींत मीही होतों. अकरावीऐवजीं दहावीलाच ‘मॅट्रिक’ कसें व्हावयाचें, या विवंचनेंत आमच्या वडीलधाऱ्यांचें वर्ष गेलें. त्यामागें कोण आहे याची आम्हांस वार्ताही नव्हती. सहा टक्क्यांची मजल आजतागायत गांठली गेलेली नाहीं, आणि परिसर शाळेचें काय झालें तें प्रत्येकानें आपल्या गांवांतून सकाळीं सातला बाहेर पडणाऱ्या पिवळ्या गाड्या मोजून पाहावें. नाईकांनीं स्वतः आयोगानंतरच्या काळाचा झाडा घेणारें पुस्तक लिहिलें. तें त्यांच्या निधनानंतर, इ. स. १९८२ मध्यें, प्रसिद्ध झालें. जें सोपें होतें तें घेतलें गेलें, जें समाजाच्या रचनेस हात घालणारें होतें तें राहिलें, अशा आशयाची कबुली त्यांत आहे. स्वतःच्या जीवनकार्याची अशी निर्मम परीक्षा करणारे आपल्याकडे थोडे.

आतां शाळासमूह. आयोगाचा हा शब्द इंग्रजींत निराळा आहे. मराठींत त्यास ‘शाळासमूह’ किंवा ‘शाळा संकुल’ असे प्रतिशब्द रूढ झाले. योजना थोडक्यांत अशी : एक माध्यमिक शाळा मध्यवर्ती धरावी, तिच्या आसपासच्या उच्च प्राथमिक व प्राथमिक शाळा तिच्याशीं जोडाव्यात, मध्यवर्ती शाळेचें ग्रंथालय, प्रयोगसाहित्य व विषयशिक्षक यांचा लाभ लहान शाळांस मिळावा, सर्व शाळांच्या शिक्षकांनीं मिळून अध्यापनाचा विचार करावा, आणि तपासनीसाच्या हातीं एकवटलेले कांहीं अधिकार या गटाकडे यावेत. लहान शाळेचें एकाकीपण मोडणें हा हेतु. लहान शाळा मोडणें हा हेतु त्यांत कोठेंही नाहीं. उलट लहान शाळा राहणार, त्या राहिल्याच पाहिजेत, हें गृहीत धरूनच ही योजना उभी आहे. नाहींतर जोडावयाचें कशास? इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांतही या कल्पनेचा उल्लेख आयोगाच्या नांवासह आला आहे.

संस्कृतचा विद्यार्थी या नात्यानें एक टीप जोडण्याचा मोह आवरत नाहीं. पाणिनीनें समूह या अर्थीं कांहीं तद्धित प्रत्यय सांगितले आहेत. त्यांच्या योगानें ‘जन’ शब्दापासून ‘जनता’ व ‘ग्राम’ शब्दापासून ‘ग्रामता’ असे शब्द सिद्ध होतात. ग्रामता झाली म्हणून ग्राम नाहींसे होत नाहींत. अवयव राहिले तरच समूह. परंतु याच शब्दाच्या धातूचा दुसरा एक अर्थ कोशांत आहे. सम् या उपसर्गासह तो धातु ‘सारून एकत्र करणें’, ‘झाडून गोळा करणें’ या अर्थींही येतो, आणि केरसुणीस संस्कृतांत ‘समूहनी’ असें नांव आहे. आयोगाचा शाळासमूह पहिल्या अर्थाचा. वीस पटाखालील शाळा बंद करून मुलें गाडींतून एका मोठ्या इमारतींत आणावयाची, हा समूह दुसऱ्या अर्थाचा. हा दुसरा मार्ग सर्वथा त्याज्य आहे असें मी म्हणत नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ व पुणें जिल्ह्यांतील पानशेत येथील उदाहरणें त्याच्या समर्थनार्थ दिलीं गेलीं, आणि सात मुलांच्या शाळेंत खेळास गडी मिळत नाहीं ही अडचण खोटी नव्हे. त्याचा विचार त्याच्या गुणदोषांवर व्हावा. मात्र त्याच्या समर्थनास नाईकांचें नांव साक्षीस बोलावूं नये, इतकेंच माझें म्हणणें.

शाळासमूह प्रत्यक्षांत कसा चालला? यासंबंधीं मला छापील अहवालांपेक्षां स्वानुभवच सांगतां येईल. इ. स. १९८३ मध्यें मी अर्धापूरच्या बाजूस एका माध्यमिक शाळेंत संस्कृत व मराठीचा शिक्षक म्हणून लागलों. पहिलीं दोन वर्षें आमच्याकडे समूहाच्या बैठका महिन्यास होत. विज्ञानाचे शिक्षक एका पेटींत चुंबक, लोलक, पृथ्वीचा गोल व दोन कांचेच्या नळ्या घालून ती सायकलच्या कॅरिअरला बांधीत आणि केळीच्या बागांमधून, पाटाच्या कडेनें, वाडीवस्तीच्या शाळांत जात. एकदां मीही सोबत गेलों. तांड्यावरच्या शाळेंत लोलकांतून भिंतीवर सात रंग पडले, तेव्हां गुरुजींसकट सर्व मुलें भिंतीशीं जाऊन हात लावून पाहूं लागलीं. गुरुजी मला म्हणाले, “सर, आठ वर्षें झालीं मला येथें, तपासणीला पुष्कळ आले, शिकवायला कोणी आलें तें आजच.” त्यानंतर हळूहळू बैठकीऐवजीं बैठकीचा वृत्तांत पाठविणें सुरू झालें, वृत्तांताचा छापील नमुना आला, नमुन्यांतील रकाने वाढले, आणि पेटी कपाटांत गेली. कोणी एकानें योजना बुडविली असें नाहीं. तिला प्रवासखर्च नव्हता, वेळापत्रकांत तास नव्हता, आणि मुख्याध्यापकांस अधिकार नव्हता. अधिकार खालीं देण्याची जी अट आयोगानें घातली होती तीच गळाली होती.

येथें नाईकांच्या विचारांतील एक वैगुण्यही नोंदविलें पाहिजे. विकेंद्रीकरणाचा पुरस्कार त्यांनीं आयुष्यभर केला, पण त्याचीं साधनें त्यांनीं दिल्लींतून शोधलीं. सरकारी यंत्रणा स्वतःचे अधिकार आपण होऊन गांवाकडे देईल, असा विश्वास त्यांच्या योजनांच्या मुळाशीं आहे, आणि उप्पिन बेटगेरीचा अनुभव असलेल्या माणसास तो विश्वास कसा वाटला याचें मला आश्चर्य वाटतें. उत्तरायुष्यांत ही जाणीव त्यांस झाली असावी. इ. स. १९६९ मध्यें निघालेल्या भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले सदस्य-सचिव होते, तेव्हां अध्यक्ष होते प्रा. धनंजयराव गाडगीळ. इ. स. १९७४ मध्यें त्यांस पद्मभूषण मिळालें. परंतु इ. स. १९७६ मध्यें भारतीय शिक्षण संस्था पुण्यास आली, आणि पुढील वर्षांत नाईकांनीं पुन्हां खेड्यांकडे मोर्चा वळविला. ज्या मुलामुलींस दिवसा शाळेंत येतां येत नाहीं त्यांच्यासाठीं रात्रीचे अनौपचारिक वर्ग चालविण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांचा भाग फार मोठा. चित्राताई महाराष्ट्राच्या शिक्षणसंचालक व पुढें केंद्रीय नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या; इ. स. २०१० मध्यें त्या निवर्तल्या. त्यांचें कार्य स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पतीच्या चरित्राचें परिशिष्ट नव्हे. कै. नाईकांचें निधन ३० ऑगस्ट १९८१ रोजीं पुण्यास झालें.

मराठवाड्याच्या संबंधानें एक गोष्ट राहिली. ॲडमनें बंगाल पाहिला, एल्फिन्स्टनच्या अधिकाऱ्यांनीं मुंबई इलाखा पाहिला. आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत असल्यामुळें या दोन्ही पाहण्यांच्या बाहेर राहिला. इ. स. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघाल्यावर वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू झालें, इ. स. १९२४ पासून खाजगी शाळांस परवानगीचें बंधन आलें आणि कित्येक बंद पडल्या. तशा काळांत हिप्परगा, मोमिनाबाद येथील शाळांतून ज्यांनीं विद्यार्थी घडविले त्या स्वामी रामानंद तीर्थांस आपण स्वातंत्र्यसेनानी म्हणून ओळखतों, मुख्याध्यापक म्हणून विसरतों. ‘शाळा’ शब्दाचा व्यापक अर्थ घेऊन परुळेकरांनीं जसें मुंबई इलाख्याचें काम केलें, तसें आमच्या नांदेड, परभणी, बीड या भागांचें झालेलें नाहीं. त्याचीं साधनें आहेत, परंतु तीं दप्तरखान्यांत कमी व शाळांच्या कपाटांत अधिक आहेत.

हीं साधनें म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरें. निजामी अमलांतील जुनीं रजिस्टरें उर्दूंत व फसली सनांत असतात. सनांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन साधारण येतो. मुलाचें नांव, बापाचा पेशा, कोणत्या गांवाहून आला, कोणत्या इयत्तेंतून व कां सोडून गेला, इतकें सर्व एका ओळींत. इ. स. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठीं मराठवाड्यांतील जुने कागद तपासले गेले, तेव्हां या रजिस्टरांवरची धूळ प्रथमच झटकली गेली. शोध जातीच्या रकान्यापुरता होता. बाकीचे रकाने कोणी वाचले नाहींत. शाळा एकत्र होतात तेव्हां मुलांच्या गाडीचा विचार होतो, रजिस्टराच्या जागेचा होत नाहीं.

ज्या तांड्यावर भिंतीवर सात रंग पडले होते तेथील शाळा पुढें पट संपल्यामुळें बंद झाली; माणसें ऊसतोडीस जात, आणि मुलें त्यांच्याबरोबर. तेथील रजिस्टर केंद्रशाळेंत पोत्यांत होतें. केंद्रप्रमुखांच्या संमतीनें मीं तें दोन महिने घरीं आणून, सर्व ओळींची नक्कल करून परत दिलें. आरंभींच्या पानांवर एकाही मुलीचें नांव नाहीं. अखेरच्या पानांवर मुलीच अधिक आहेत. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यांत प्रथम ‘गुरें राखणें’, मग ‘ऊसतोड’, आणि शेवटच्या चार ओळींत चारही मुलींपुढें एकच नोंद आहे : ‘शाळा बंद’. नक्कल माझ्यापाशीं आहे. ज्या अभ्यासकास हवी असेल त्यानें अर्धापुरास येऊन पाहावी.